तांब्याची दांडी आणि गोड झालेली वाइन

सप्टेंबरातल्या त्या दुपारी द्राक्षमळेवाल्या यूबेरच्या तळघरात पाय ठेवायला जागा नव्हती. फ्रान्समधल्या लोआर नदीकाठच्या त्या खेड्यातले झाडून सगळे द्राक्षवाले जमले होते. मधोमध पांढऱ्या झग्यातले सिल्व्हेर महाराज वाइनच्या पिंपावर तांब्याची दांडी फिरवत होते.

"ही दांडी मळ्यात रोवा, मातीचे प्राण जागे होतील. मग कच्ची द्राक्षं तोडलीत तरी वाइन मधासारखी."

त्याआधी देहशुद्धी म्हणून त्यांनी सर्वांना आर्टिचोक नावाच्या भाजीच्या उकडलेल्या पाकळ्या चघळायला दिल्या होत्या. आता प्याले फिरले. गेल्या सालची ती आंबटढाण वाइन चक्क गोड लागली. लोक गहिवरले. पाऊस तोंडावर आला होता; द्राक्षं कच्ची असली तरी उद्याच तोडणी करायची, असं ठरूही लागलं.

मागच्या बाकावर निवृत्त शिक्षिका ओदीलबाईंनी घोट घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं. "हे तर व्हिनेगर आहे."

"श्रद्धा कमी पडली, बाई," महाराज हसले.

"असेल. मी फक्त ती भाजी खाल्ली नाही. मला आवडत नाही."

बोलता बोलता बाई थबकल्या. ताटलीतली पाकळी उचलून त्यांनी नाक मुरडत चघळली आणि पुन्हा घोट घेतला. गोड!

"महाराज, दांडी घेऊन जरा अंगणात थांबता का?"

महाराज कुरकुरत बाहेर गेले. बाईंनी सगळ्यांना पुन्हा एकेक पाकळी दिली आणि वर नळाचं साधं पाणी पाजलं.

"गोड आहे," यूबेर पुटपुटला. "पण दांडी तर बाहेर आहे."

"या भाजीतला अर्क जिभेला फसवतो. थोडा वेळ काहीही प्या, गोडच लागतं. पस्तीस वर्षं विज्ञान शिकवलं मी, तरी आधी माझ्या लक्षात आलं नाही."

अंगणात गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. कोणी मागे धावलं नाही.

यूबेर मान खाली घालून बसला होता. एकेकाळी तो बाईंच्याच वर्गात होता. "मळाभर दांड्या रोवल्यात मी. गाढव ठरलो, बाई."

"जीभ सगळ्यांचीच फसते रे. त्यात लाज नाही. पण वर्षाचं पीक पणाला लावण्याआधी एकदा तपासून बघायचं, एवढंच."

"मग तोडणी कधी?"

"द्राक्षं पिकल्यावर."

"आणि ती पिकली हे कसं कळणार?"

"रिकाम्या तोंडी चाखून," बाई म्हणाल्या.