प्रकृती ठणठणीत असल्याचं कार्ड

"ज्या माणसाच्या खिशात त्याच्या तब्येतीची नोंद नाही, तो माणूस म्हणजे पत्त्याविना टाकलेलं पत्र!" असं थोरल्या साडूंनी दुकानात जाहीर केलं आणि खिशातून विजेचं बिल काढून माझ्या नाकासमोर धरलं. कार्ड दुसऱ्या खिशात होतं.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या ताईचे यजमान. सासऱ्यांचं फोटो फ्रेमचं दुकान आम्ही दोघं चालवतो. म्हणजे मी काच कापतो आणि ती कशी कापावी हे ते गिऱ्हाइकाला सांगतात. सासरे एकदा बोलून गेले, "ज्याची तब्येत धड, त्याच्या हाती दुकान." तेव्हापासून साडू शिंकायलासुद्धा रस्त्यावर जातात.

कार्ड असं होतं. आजार: एकही नाही. औषधं: गरज नाही. स्वभाव: शांत. हा रकाना छापील नव्हता, त्यांनी हाताने आखला होता. तातडीच्या वेळी कळवावे: कोणालाही, धाकट्या साडूला सोडून.

"वाचलंत ना, धाकटे?"

"वाचलं. अक्षर तेवढं आजारी दिसतंय."

खरं काय ते मला ठाऊक होतं. रोज अकराला साडू प्लायवुडच्या आड जाऊन गोळी घेत आणि पट्टी संपली की लाकडाच्या भुशात पुरून टाकत. केर मीच काढतो. पट्टी औषधाच्या दुकानात दाखवली, तर रक्त पातळ ठेवायची गोळी निघाली. वर्षभर मी त्या रिकाम्या पट्ट्या खिळ्यांच्या डब्यात साठवत होतो. सासऱ्यांच्या पंच्याहत्तरीला, सगळे जेवायला बसले की डबा उघडायचा, असा बेत होता. नुसत्या प्रेमापोटी कोणी कोणावर इतकं लक्ष ठेवत नाही.

पंच्याहत्तरी आठवड्यावर आली असताना, काच कशी धरतात हे मला दाखवायला साडू स्टुलावर चढले आणि डोक्यावर खाली आले.

त्यांना गाडीत घातलं, डबा काखेत मारला आणि इस्पितळ गाठलं. मागोमाग ताई आल्या. डॉक्टरीणबाई एका हाताने जखम दाबून दुसऱ्या हाताने कार्ड वाचत होत्या. रक्त काही थांबेना. साडू अर्धवट शुद्धीत "ठणठणीत, ठणठणीत" म्हणत होते.

"रक्त पातळ करायचं काही घेतात का हे?"

"छे हो! साधी डोकेदुखीची गोळी लागत नाही त्यांना. कार्डावर लिहिलंय की!" ताई कडाडल्या आणि माझ्याकडे वळल्या. "तुम्हीच ढकललं असणार ह्यांना. दुकानावर डोळा आहे मेल्याचा."

वर्षभराचा दारूगोळा, आणि प्रेक्षक अवघे तीन, त्यातला एक बेशुद्धीच्या वाटेवर. डबा इथेच उघडायचं जिवावर आलं होतं. तरी टेबलावर पालथा केला. पट्ट्यांबरोबर शंभरेक खिळेही पडले.

"रोज एक," मी म्हणालो. "आजची अकरा वाजून दहा मिनिटांनी घेतली. पाण्याशिवाय."

डॉक्टरीणबाईंनी पट्टी वाचली आणि नर्सला हाक मारली. उतारा म्हणून इंजेक्शन, डोक्याचा स्कॅन, सगळं एका दमात सांगितलं. "आणखी तासभर कळलं नसतं ना..." एवढं म्हणून त्या कामाला लागल्या.

ताई पट्ट्यांकडे मोजल्यासारखं बघत राहिल्या. "म्हणजे वर्षभर तुम्ही ह्यांच्या पाळतीवर होता?"

"हो."

"लाज नाही वाटत?"

संध्याकाळी रक्त थांबलेलं होतं, स्कॅन स्वच्छ आला होता. डॉक्टरीणबाईंनी कोरं कार्ड काढलं. "कळवायचं कोणाला? ज्याला खरं माहीत आहे असाच माणूस सांगा."

ताई खिडकीबाहेर बघू लागल्या. साडूंनी डोळे उघडले आणि मला बोटाने जवळ बोलावलं. मी वाकलो. आभार मानले तर झिडकारायचे, सासऱ्यांना सांगू नका म्हणाले तर सरळ नाही म्हणायचं. दोन्ही उत्तरं माझ्याकडे तयार होती.

"धाकटे," साडू पुटपुटले, "जरा बाजूला व्हा. पंख्याचा वारा अडतोय."