पोत्यातली चिचुंद्री

"सांगितलं तर कुणाचा विश्वास बसायचा नाही," ओर्विस ट्रेसलर म्हणाला आणि फडक्यात गुंडाळलेला उजवा हात त्याने टेबलावर असा ठेवला, जसा खाटीक मांडीचा तुकडा तराजूत ठेवतो.

बंबवाल्यांच्या हॉलमध्ये बकव्हीटच्या धिरड्यांचा आणि तळलेल्या सॉसेजचा धूर कोंदला होता. जूनमधल्या सापांच्या जत्रेचा दुसरा दिवस; साप पकडायचे, दाखवायचे आणि परत जागेवर सोडायचे, अशी ती जत्रा. निम्मं खोरं न्याहारीला तिथेच बसलेलं. ओर्विसच्या तोंडून हे वाक्य निघालं, की आमच्याकडे माणसं काटे खाली ठेवतात. याच वाक्यानंतर त्याने आम्हाला सांगितलं होतं, की एका अस्वलाने हिवाळ्याच्या तोंडावर त्याच्याकडून तंबाखूची डबी उसनी नेली आणि बर्फ वितळल्यावर धुऊनपुसून परत आणून दिली. अशा वेळी लोक हसतात, "चल, थापाड्या!" म्हणतात, आणि कुणीतरी त्याच्या कपात कॉफी ओततं. त्याच्या थापांनी आजवर कुणाचं वाकडं झालं नव्हतं, कारण त्यांवर कुणी विश्वासच ठेवला नव्हता.

"कालचाच तो काळा खुळखुळ्या साप," ओर्विस सांगू लागला. "मर्लने आणि मी कपारीतून ओढून काढलेला. धुराड्याच्या नळीएवढा जाड. आज सकाळी एकटाच गेलो त्याला त्याच्या दगडावर सोडायला. पोतं खाली ठेवतोय न ठेवतोय, तोच तोंड आपोआप उघडलं. आधी नुसतं डोकं बाहेर आलं. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. टोपी असती तर काढून मला सलाम केला असता त्याने. आणि मग..." त्याने डाव्या हाताने टेबलावर फटका मारला. मेपलच्या पाकाची बाटली उडाली.

तो हसण्याची वाट बघत थांबला. कुणी हसलं नाही. सगळे त्याच्या हाताकडे बघत होते. फडक्यातून बाहेर आलेली बोटं सॉसेजसारखी टम्म फुगली होती आणि मनगटापर्यंत कातडी जांभळी पडली होती.

"हेलिकॉप्टर मागवतो," बंबप्रमुख वेंडल खुर्ची सरकवत म्हणाला.

"नको, नको! कोरडा चावा आहे रे. विष सोडलंच नाही त्याने."

"कोरडा चावा असता तर हाताचा दुधीभोपळा झाला असता का? गप बस!" वेंडलने खिशातलं पेन काढलं आणि ओर्विसच्या कोपरावर निळी रेघ ओढली. "सूज या रेघेच्या वर चढली, तर तुला बांधून नेईन. बायकोदेखत."

बायको, आर्डेला, तव्यापाशी उभी होती. तिच्या उलथन्यावर धिरडं होतं, ते तिने अजून उलटलं नव्हतं.

आणि खरं काय घडलं होतं, तर साप शहाण्यासारखा आपल्या दगडावर गेला होता. ओर्विसने पोत्याची दोरी सुरीने कापली, आकडीने साप बाहेर घेतला, तो निवांत कपारीत शिरला. ओर्विसने पोतं आणि दोरी पिकअपमध्ये टाकली आणि घरी आला. जत्रेत दुपारी साप पोत्यात भरण्याची चढाओढ होती, तिला आणखी एक पोतं लागणार होतं. ते गेल्या वर्षीचं, कोठाराच्या कोपऱ्यात पडलेलं. ओर्विसने वाकून त्यात सरळ हात घातला.

नवख्या पोरांवर उभं आयुष्य हाच माणूस ओरडत आला होता, "पोतं झटकल्याशिवाय आत हात घालाल तर याद राखा!"

आत चिचुंद्री होती. आमच्याकडची, आखूड शेपटीची. मखमलीच्या बटव्याला नाक लावलं तर जशी दिसेल तशी. डोळे टाचणीच्या टोकाएवढे, कान दिसतच नाहीत, शेपूट कुणीतरी मध्येच तोडल्यासारखं, आणि दातांची टोकं जन्मापासून तंबाखू खाल्ल्यासारखी लालसर. एवढीशी, पण भूक अशी की रोज जवळजवळ स्वतःच्या वजनाइतकं खाते. अंधारात टिक्‌टिक्‌ करत भिंती हुडकते. तिच्या लाळेत विष असतं. गोगलगाय चावून लुळी करते आणि जिवंतच साठवून ठेवते, म्हणजे मांस ताजं राहतं. मांजर तिला मारतं, पण तिच्या वासाने खात नाही, नेमकी दारात आणून टाकतं. आर्डेला ती फावड्याने उचलून कुंपणापलीकडे फेकायची.

ती चिचुंद्री ओर्विसच्या अंगठ्याला लोंबकळली. त्याने हात झटकला तर ती पुन्हा त्याच पोत्यात जाऊन पडली, आपल्या साठ्यावर. कोपरापर्यंत आग झाली. रागाच्या भरात ओर्विसने डाव्या हाताने आणि दातांनी पोत्याचं तोंड गाठ मारून कसंबसं आवळलं. ओढ्यात बुडवून टाकीन म्हणाला. मग ओढ्यापर्यंत गेलाच नाही. पोतं पिकअपमध्ये फेकलं आणि हॉलकडे निघाला. वाटेत हात फुगत गेला आणि हाताबरोबर गोष्टही. उभ्या जन्मात ज्याला एक साप डसला नाही, तो लोकांना काय सांगणार होता? चिचुंद्री चावली म्हणून?

थाप पचायची नाही, लोक हसतील आणि विषय संपेल, असा त्याचा हिशेब होता.

"पण मला एक सांग," वेंडलने विचारलं, "तोंड आपोआप कसं उघडलं? गाठ कुणी मारली होती?"

हे ओर्विसच्या ध्यानातच आलं नव्हतं.

साप पकडणाऱ्या जोडीतला एकजण साप धरतो, दुसरा पोतं धरून गाठ मारतो. ओर्विस धरायचा आणि आर्डेलाचा धाकटा भाऊ मर्ल कॉन्फर गाठ मारायचा. हॉलमधल्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक होतं. सगळ्यांच्या माना वळल्या.

मर्ल टेबलाच्या टोकाला बसला होता. लांब हातांचा, कमी बोलणारा, डोंगरावर एकटा राहणारा माणूस. या हिवाळ्यात त्याने स्टोव्ह पेटता ठेवून लाकडं आणायला जंगल गाठलं होतं. वसंतात लाकडाच्या गिरणीकडून परतताना त्याला घराचा रस्ता सापडेना, तेव्हा वेंडलच त्याला घेऊन आला होता. तेव्हापासून लोक त्याच्याशी जरा मोठ्याने आणि सावकाश बोलायला लागले होते.

"मी मारली होती," मर्ल म्हणाला. मग त्याने आपल्या हातांकडे बघितलं. "मारली होती ना, दाजी?"

आता बोल, ओर्विसने स्वतःला बजावलं. तोंड उघड आणि बोल. त्याने तोंड उघडलंही, पण तेवढ्यात वेंडलने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "जाऊ दे ओर्विस, तू त्याला पाठीशी घालणारच. भला माणूस आहेस." आणि बाया पुढे आल्या. कुणी उशी आणली, कुणी ॲपल पाय कापून त्याच्यापुढे ठेवला, सगळ्यांत मोठा तुकडा. ओर्विसने एक घास घेतला. तो घास गालात फिरत राहिला. गिळवेना, थुंकवेना.

"मला आठवतंय की मारली," मर्ल हळूच म्हणाला. "पण मला तर स्टोव्ह बंद केल्याचंही आठवत होतं."

आर्डेला तव्यापासून आली. तिचे डोळे धुराने लाल झाले होते, की आणखी कशाने, कुणास ठाऊक. "मर्ल, मी तुला ईस्टरपासून सांगतेय. माणूस मेला असता आज."

"हो ताई."

"तू वर एकटा राहायचं नाहीस. उद्यापासून आमच्याकडे. आणि गाडी चालवायची नाही."

"हो ताई." मर्लने खिशातून किल्ल्या काढल्या. एक पिकअपची, एक खोपटाची, दोन्ही एका वादीत ओवलेल्या. टेबलावर ठेवल्या आणि बोटाने तिच्याकडे सरकवल्या. भाजी वाढावी इतकं साधं केलं त्याने ते. "घे. मीच देणार होतो."

हाताची आग आता ओर्विसला जाणवतही नव्हती, एवढी दुसरी आग कानांपाशी पेटली होती. किल्ल्या त्याच्या बशीशेजारी पडल्या होत्या. हात लांबवला असता तर परत देता आल्या असत्या. उजवा फुगलेला होता, पण डावा तर धडधाकट होता ना! तो त्याने मांडीखाली दाबून धरला.

"मर्ल," तो म्हणाला, "अरे... गाठ काय, कुणाचीही सुटते."

एवढंच निघालं त्याच्या तोंडून. आणि हे तर आणखी वाईट होतं.

"माझी नाही सुटत," मर्ल म्हणाला. "बापाने शिकवलेली आहे. बाकी काही विसरलो तरी ती हाताला येते. मला ती दोरी एकदा बघू द्या, दाजी. कुठे चुकलो ते कळेल तरी."

"दोरी कशाला? दोरी पडली असेल तिकडेच कुठेतरी..."

"बघून येतो." मर्ल उठला. ओर्विस त्याच्यामागे उठायला गेला, तर वेंडलने खांदा दाबून खाली बसवला. "तू हलायचं नाही. विष चढेल."

विष केव्हाच चढलं होतं. ओर्विस दाराकडे बघत बसला. बाहेर त्याच्या पिकअपचं मागचं फळकूट खडखडलं. मग काहीच ऐकू येईना. आर्डेला किल्ल्या उचलून एप्रनच्या खिशात टाकत होती. "मर्लला काय काय आवडतं ते तरी तुला ठाऊक आहे का?" ती नवऱ्याला म्हणाली. "खालची खोली रिकामी करावी लागेल. तुझी सापांची खोकी बाहेर काढ." ओर्विसने मान हलवली. बायकोच्या तोंडाकडे बघायची त्याची हिंमत झाली नाही.

मर्ल परत आला. एका हाताची मूठ मिटलेली, दुसऱ्या हातात पोतं, तेही अंगापासून लांब धरलेलं.

"ही गाठ माझी नाही," तो म्हणाला. "ही तर कुणीतरी दातांनी आवळलीय."

"ते वेगळं पोतं आहे," ओर्विस घाईने म्हणाला. "ठेव ते. मर्ल, ऐक माझं, ठेव."

पण मर्ल पोत्यांच्या बाबतीत पद्धतशीर माणूस होता. त्याने गाठ सोडली, दोन पावलं मागे सरला आणि पोतं जमिनीवर झटकलं.

आधी गोगलगायी पडल्या, मूठभर, अख्ख्या, शंखाबाहेर लोंबणाऱ्या. मग पाय झाडणारे किडे. मग रिकामे शंख खुळखुळत पडले, कारण आतल्या बाईने सकाळपासून तोंड बंद ठेवलेलं नव्हतं. आणि शेवटी ती स्वतः. मखमली, आंधळी, रागावलेली. नाक वर करून तिने हॉलचा वास घेतला, चिर्रकन ओरडली आणि फळीच्या कडेकडेने शीतपेटीखाली पळाली. मागे तिचा वास राहिला. तो वास आमच्या खोऱ्यात कुणाला ओळखता येत नाही?

मागच्या बाकावर कुणीतरी फिस्स केलं. मग दुसऱ्याने. वेंडलने ओर्विसचा हात धरला, फडकं सोडलं, अंगठा उजेडाकडे वळवला आणि त्यावरच्या इवल्याशा, एकमेकींना चिकटलेल्या भोकांकडे बराच वेळ बघत राहिला. हसू टेबलाटेबलावरून पसरत आलं.

ओर्विसला त्या हसण्याचं काही वाटलं नाही. पोट धरून हसले असते तरी चाललं असतं. त्याला दिसत होता एकटा मर्ल, आणि मर्ल हसत नव्हता.

मर्लने मिटलेली मूठ ओर्विसच्या बशीवर उघडली. आत दोरीचं कडं होतं. एका जागी सुरीने स्वच्छ कापलेलं, आणि दुसऱ्या जागी बापाने शिकवलेली ती गाठ, घट्ट, नखही न शिरणारी, काल मारली होती तशीच्या तशी.

हसू थांबलं. आर्डेलाचा हात एप्रनच्या खिशात गेला आणि तिथेच राहिला.

"साप चावला नाही," मर्ल म्हणाला, सावकाश, जसे सगळे त्याच्याशी बोलायचे तसा. "आणि माझी गाठही सुटली नव्हती. तुम्ही खोटं बोललात, दाजी."