पिशवीची गाठ

पिशवीतून भलतंच पिल्लू निघालं. पुलगावात, माझ्या लेकीच्या, कमलाच्या सासरी, चुलीसमोर, चार बायांच्या देखत. मी डोळे फाडून पाहत राहिले. सकाळी माझ्या या हातांनी मी तीन रंगांची मांजरी पिशवीत घातली होती, आणि बाहेर आला तिचा भाऊ. तांबडा, लठ्ठ, ऐदी.

कमलाच्या सासूनं कमरेवर हात ठेवला. "ईनबाई, हा तं बोका व्हय! मांजरी आनतो म्हनत होत्या नं तुमी?"

स्वराज्य आल्यावरची दुसरी मतदानं झाली त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. त्यांच्या घरात सरकीच्या पोत्यांमुळे उंदीर माजले होते. पाळण्याच्या दोरीवरून खाली उतरायचे. आणि पाळण्यात माझा वीस दिवसांचा नातू. म्हणून मी शब्द दिला होता, माझी सगळ्यात तेज मांजरी देते.

चूक कबूल करणं मला जन्मात जमलं नाही. "बोक्याच्या वासानंच पयतात उंदीर," मी ठोकून दिलं. तेवढ्यात कणगीखालून एक उंदीर निघाला. बोक्यानं त्याला पाहिलं आणि माझ्या लुगड्यात शिरला.

बाया किती हसल्या ते सांगत नाही. बोका काखोटीला मारला आणि आमच्या नाचणगावची वाट धरली. सकाळी जाताना सारी वाट मी पिशवीवरून तिची पाठ कुरवाळत गेले होते, आणि पाठ निघाली याची!

आमच्या गावात कोणाची मांजर मेली की पिल्लं माझ्या ओसरीवर येतात. कापसाची वात शेळीच्या दुधात बुडवून मी ती जगवते. उंदीर मारायला लागली की ज्याला गरज त्याला देऊन टाकते. माझे नियम दोनच. पिल्लाला नाव ठेवायचं नाही. आणि नेताना पिशवीचं तोंड गच्च बांधायचं, म्हणजे वाट दिसत नाही, परत येत नाही. किती दिली, डोळ्यात कधी थेंब नाही. सून सुनीती मॅट्रिक झालेली. पहिलं पिल्लू गेलं तेव्हा दोन दिवस मुसमुसत होती. मी म्हटलं होतं, "मांजरच गेलं नं वो? का माहेर गेलं तुह्यं?"

सकाळी पिशवी बांधून मी लुगडं बदलायला आत गेले होते. तेवढ्यात हिनंच गाठ सोडली असणार. दुसरं कोण?

दारातूनच सुरू झाले. "सुनीती! माह्या नातवापरीस मांजर मोठी झाली का तुले?"

"म्या काई नाई केलं, आई. देवाशपथ."

"मंग गाठ काय मांजरीनं सोडली?"

"तिले काऊन बोलून राह्यली?" गोठ्यातून आवाज आला. "म्या बदललं पिल्लू."

आमचे हे! तीस वर्षांत ज्यांनी मांजराला पायानं सरकवण्यापलीकडे काही केलं नाही, घरभर केस होतात म्हणून कुरकुर केली, ते दारात उभे. उपरण्यात गुंडाळलेली माझी मांजरी. तिनं डोकं बाहेर काढलं तर म्हणतात कसे, "गप बस वो, कवडे."

नाव! माझ्या घरात, पिल्लाला नाव!

"तुमाले पायजे होती मांजर?"

"मले कायले? तुले पायजे होती. आठ दिवस झाले पाहून राह्यलो. गोठ्यात बसून तिले दूध पाजते, अन् पदरानं डोये पुसते."

"धूर गेला असन डोयात."

"गोठ्यात कोनती चूल हाय वो?"

सुनीती तोंडात पदर कोंबून आत पळाली. हे माझ्या डोळ्यांकडे पाहतात, हेच मला ठाऊक नव्हतं. आणि त्याहून वाईट एक गोष्ट तेव्हा आठवली. पिशवीतून बोका निघाला, तेव्हा सगळ्यांत आधी मला बरं वाटलं होतं. नातवाच्या पाळण्याजवळ उभं राहून बरं वाटलं होतं! अशी कशी मी?

दुसऱ्या दिवशी सकाळी हे म्हणाले, "राहू दे. त्यायले दुसरी पाहून देऊ."

"दुसरी येईस्तोवर उंदीर थांबते का?" मी मांजरीला उचललं, पिशवीत घातलं, आणि निघाले. हे फाटकापर्यंत आले. पिशवीकडे पाहत उभे राहिले.

वाटभर ती डोकं बाहेर काढून बसली. आमची विहीर तिनं पाहिली, चिंच पाहिली, नाल्यावरची फरशी पाहिली. मी तिला आत दाबलं नाही. वळणावळणाला तर जरा थांबलेसुद्धा.

पुलगावात कमलाच्या सासूनं आल्याआल्या हेरलं. "अवो ईनबाई, गाठ नाई मारली? सारी वाट दिसली तिले. परत येईन नं थे!"

"उंदीर सरल्यावर आली तं येऊ द्या," मी म्हटलं, आणि माझाच आवाज ऐकून चपापले.

कवडी तोवर कणगीखाली शिरली होती. आतून उंदराची एक चिरकी किंकाळी आली, आणि पाळणा हलवता हलवता कमला हसली.