चौथ्या मजल्यावरील रिकामे डबे

सुज्ञ वाचकहो, माण गावी एका नव्या कचेरीच्या इमारतीत फारूक वायरमन या सरळमार्गी गृहस्थाकडून जे हीन काम करवून घेण्यात आले, ते आता यथामती कथन करीत आहे. ऐकून ज्यास चीड येणार नाही, त्याच्या छातीत काळीज नसून धोंडा आहे असे समजावे.

सरकारी नियम साधा आहे. मोठ्या कचेरीतील खोली रिकामी झाली, की पंधरा मिनिटांत दिवे आपोआप विझले पाहिजेत. त्यासाठी छताला माणसाची चाहूल ओळखणारे सेन्सर बसवतात. परंतु ठेकेदार जयदीपशेठ यांनी चौथ्या मजल्यावर नुसते पांढरे डबे चिकटवले होते. आत ना वायर, ना यंत्र!

तपासणीच्या सकाळी फारूकने विचारले, "शेठ, दिवे विझणार कसे?"

"तू विझवणार, भावा! विजेच्या पॅनलच्या खोलीत दाराच्या फटीला डोळा लावून बस. तपासणीच्या मॅडम आल्या की बटण चालू, गेल्या की पंधरा मिनिटं मोजून बंद."

"आणि चाचणीच्या कागदावर सही?"

"तुझीच. परवाना तुझा आहे ना, राव!"

बारा वर्षे जपलेला परवाना! सही करावी तर तो धोक्यात, न करावी तर आजची भाकरी. इकडे आड, तिकडे विहीर. फारूक सही न करताच कागद हाती घेऊन त्या कोंदट खोलीत जाऊन बसला.

तपासणीच्या मॅडम आल्या. हॉल उजळला. मग त्या काचेच्या दाराबाहेर घड्याळ पाहत उभ्या राहिल्या.

शेठ हसून म्हणाले, "मॅडम, आमचा सेन्सर माणसापेक्षा हुशार. माणूस डुलकी घेतो, हा घेत नाही."

हे वाक्य फारूकच्या जिव्हारी लागले. ज्याला लपवून कोंडले, त्याचीच वर थट्टा! काय ही निर्लज्जता! चौदा मिनिटे झाली. बोट बटणावर होते. ते त्याने मागे घेतले आणि तो बाहेर आला.

"मॅडम, डबा उघडून बघा. रिकामा आहे. सेन्सर मी आहे."

"अरे, डोकं फिरलं का तुझं?" शेठ किंचाळले.

मॅडमनी शिडी मागवली. डबा उघडला. इमारत वापरण्याचा दाखला जागीच अडला, आणि फारूकला शेठने तेथूनच हाकलून दिले.

सही न केलेला कागद टेबलावर ठेवून, पक्कड खिशात घालून तो जिना उतरला. काम गेले, परवाना मात्र निष्कलंक राहिला. वर रिकाम्या हॉलमधले दिवे भर दुपारी जळतच होते. ते विझवण्याचे कोणासही सुचले नाही.

आपण वेळ काढून वाचलेत, हे आपले उपकार मी विसरणार नाही.

आपला नम्र,
सोनबा बोडके, मु. माण