लिंबाची तार

“हात नका लावू त्याला!”

बानाबाई एवढ्या जोरात ओरडली की शेजारच्या पंक्चरवाल्याने काम सोडून मान वळवली. कडूबा मिस्तरीचा हात मोटारसायकलच्या हेडलाइटखाली, लिंबू-मिरचीपाशी थांबला. शहागंजात गाड्यांचं वायरिंग दुरुस्त करण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. गाडीवर लिंबू असो, बाहुली असो की गंडा, कामाआधी तो अदबीने सोडवायचा, खिळ्याला टांगायचा आणि काम झालं की जागच्या जागी अडकवायचा. तेलकट हात देवाधर्माच्या वस्तूला लागू नयेत, एवढंच त्याचं म्हणणं. अशा वस्तूकडे रोखून बघायचीही त्याला सवय नव्हती.

“मावशी, परत बांधतो की. मागच्या दोन्ही खेपेला बांधलंच ना?”

“आज शनिआवस हाय. आज नाय सुटायचं ते.”

तिचा लेक बिरू ओशाळून इकडेतिकडे बघू लागला. चिकलठाण्याच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या, मिशा फुटलेल्या माणसाने आईला घेऊन मिस्तरीकडे यायचं म्हणजे काय! पण आज ती कुणाचं ऐकणार नव्हती. त्याने घेतलेली रजा साधून ती मागच्या सीटवर चढून बसली आणि फुलंब्रीच्या अलीकडच्या गावापासून इथवर त्याचा सदरा मुठीत धरून आली.

गाडीचं दुखणं चमत्कारिक होतं. सरळ रस्त्याला दिवा लख्ख, पण ओढ्याच्या पुलाशी गाडी डावीकडे वळली की गुडुप. वळण संपलं की परत हजर. कडूबाने एकदा बल्ब बदलला, एकदा स्विच. दुकानात हँडल कसंही फिरवलं तरी दिवा जात नसे. गाडी त्या पुलाशी गेली की मात्र तेच.

आणि तो पूल साधा नव्हता. बानाबाईचा नवरा सोनाजी तिथेच गेला. दिवेलागणीला मेंढरं घेऊन येत होता. टेम्पोवाला पंचांपुढे रडून एकच सांगत राहिला, “दिसलाच नाय हो.” पुढे मेंढरं विकली, त्यांचं तारेच्या कुंपणाचं वाडगं मोडलं, पण ते शब्द बानाबाईच्या कानातून गेले नाहीत. बिरूला नोकरी लागल्यापासून ती रोज अंधार पडायच्या वेळी फाट्यावर उभी राहायची. लांबून दिवा दिसला की तिच्या जिवात जीव यायचा आणि पुलाशी तो विझला की ती तशीच अंधारात पुढे धावायची. माझ्या लेकाबद्दलही कुणी असंच म्हणेल, दिसलाच नाही, या भीतीने तो घरी आल्यावरही ती त्याला हात लावून लावून बघायची.

म्हणून ते लिंबू. दर शनिवारी नवं. आधी दोऱ्यात ओवायची, पण खड्ड्यांनी दोरा तुटला, लिंबू वाटेत पडलं, त्या दिवशी ती जेवलीच नाही. मग तिने मोडलेल्या वाडग्याची तार काढली. दिवा जायला लागल्यावर तर तिने तार आणखीनच आवळली. दर शनिवारी एक वेढा जास्त.

“बरं, राहू द्या,” म्हणत कडूबाने किक मारली. शटरवर उजेडाचा गोल पडला. त्याने हँडल डावीकडे वळवलं.

दिवा गेला.

हँडल सरळ केलं, दिवा आला. परत वळवलं, परत गेला. कडूबा खाली वाकला, हातातल्या बॅटरीच्या उजेडात बघू लागला आणि लिंबाच्या तारेखाली बोट घालून ती जराशी उचलली. दिवा आला. बोट काढलं, गेला.

“ही बघा भानगड,” तो म्हणाला. “तार वायरीत पार रुतलीय. वरचं रबर कापलंय. हँडल वळलं की ही आतल्या तांब्याला टेकती, अन् करंट गाडीच्या अंगात उतरतो, दिव्यापर्यंत जातच नाय. मी दरवेळी लिंबू सोडून बघत होतो, मग सापडणार कसं? कोणत्या येड्यानं एवढी आवळली—”

त्याची नजर बानाबाईवर गेली. ती पांढरीफटक पडली होती.

“मीच बांधली,” बिरू घाईघाईने म्हणाला. “माझीच चूक झाली, मिस्तरी.”

“व्हय, व्हतं असं,” कडूबा टेप शोधत पुटपुटला.

बानाबाई पुढे आली. “खोटं बोलतंय पोरगं. हा पीळ वाडग्याचा हाय. लांडग्याला सुटू नाय म्हणून असा मारतात. त्याला कुठं येतोय? मी मारलाय.” मग ती कडूबाकडे वळली. “मिस्तरी, मीच माझ्या लेकाचा दिवा इझवत व्हते का हो?”

“आता नाय जाणार, मावशी,” कडूबा म्हणाला. शनिआवस विसरून तिने स्वतःच्या हाताने पीळ सोडला. त्याने वायर जोडली, टेप गुंडाळली, वरून नळी चढवली.

परतताना पुलाशी अंधारून आलं. बिरूने गाडी डावीकडे घातली. बानाबाईने त्याच्या खांद्यावरून पुढे बघितलं. दिवा गेला नाही. ओढ्याकाठच्या बाभळी, दगडी कठडा, सोनाजी पडला होता ती कड, सगळं स्वच्छ दिसलं. बिरू हसत काहीतरी म्हणाला, पण ती मागे वळून त्या कडेकडेच बघत होती.

पुढच्या शनिवारी बिरू निघाला तेव्हा ती सवयीने लिंबू घेऊन गाडीपाशी आली. या वेळी दोरा होता, साधा, काळा. हेडलाइटपर्यंत नेलेला हात तिने मागे घेतला.

“बांध ना माय,” बिरू म्हणाला. “दोऱ्यानं काय व्हतंय?”

तिने नकारार्थी मान हलवली. पदराच्या टोकाने हेडलाइटची काच पुसली आणि मागे सरली. गाडी सुरू झाली तेव्हा तिने पीळ मारणारे ते दोन्ही हात पदराखाली घेतले आणि तो फाट्यापलीकडे दिसेनासा होईपर्यंत बाहेर काढले नाहीत.