मूठभर कणकेचा मान

मित्रांनो, मी एक जुना पखवाज आहे. माझं खोड शिसवाचं आहे आणि मला दोन तोंडं आहेत. उजवं तोंड लहान, त्याच्या मधोमध काळ्या शाईचा गोल. डावं तोंड मोठं आणि कोरं. वाजवण्याआधी या डाव्या तोंडावर ओल्या कणकेचा गोळा थापावा लागतो. कणकेच्या वजनानं कातडं संथ हलतं, म्हणून आवाज खोल आणि घुमणारा येतो. कणीक नसली तर मी नुसता फटफटतो. आणि वाजवून झाल्यावर ती कणीक खरवडून काढावी लागते, कारण वाळताना ती आकसते आणि कातड्याला ओढते.

मला घडवलं बीडच्या अंगद मिस्त्रींनी. मला हवाली करताना ते म्हणाले होते, "ह्याला उपाशी वाजवू नगा, अन् वाजवल्यावर उष्ट्या तोंडानं ठेवू नगा." त्यांचं हे एकच वाक्य सगळ्यांनी पाळलं असतं, तर माझ्याकडे सांगण्यासारखं फारसं काही उरलं नसतं.

माझे पहिले मालक तेलगावचे योगीराज. त्यांचं कापडाचं दुकान होतं. बोलावणं आलं की ते कुठेही वाजवायला जात. बिदागी विचारली तर म्हणत, "पखवाजाच्या पोटाला मूठभर पीठ द्या." लोक मूठभर कसले, वाट्या भरभरून गव्हाचं पीठ आणत. माझ्या वाट्याला एक गोळा लागे. बाकीचं पीठ बीडला दवाखान्याजवळच्या एका खोलीत जाई. तिथे त्यांची धाकटी बहीण नीलम्मा रुग्णांच्या नातेवाइकांसाठी पोळ्या लाटायची.

नीलम्मालाही वाजवता येत होतं, पण लहानपणी तिला कुणी मला हात लावू दिला नाही. भाऊ ओसरीत रियाज करी, तेव्हा ती स्वयंपाकघरात पिठाच्या पत्र्याच्या डब्यावर तेच बोल वाजवी. त्या सवयीनं तिचे कान इतके तयार झाले की डब्याला टिचकी मारून ती सांगायची, "आई, चार बोटं पीठ हाय." झाकण उघडून पाहिलं तर चारच बोटं असायचं.

योगीराज गेले, तेव्हा मांजरसुंब्याचे किराणा दुकानदार मन्मथआप्पा, त्यांचे जुने स्नेही, यांनी मलाच एक पुरस्कार ठरवलं. ढाल नाही, पाकीट नाही. जिल्ह्यात जो चांगला वाजवतो आणि लोकांसाठी झिजतो, त्याच्याकडे मी एक वर्ष राहायचं. माझ्याबरोबर पिठाचा एक डबाही जाई. वर्षभर मला विनामूल्य वाजवायचं, मिळालेलं पीठ नीलम्माच्या खोलीवर पोचवायचं आणि शेवटी डबा काठोकाठ भरून, माझ्यासह परत आणायचा. लोक याला 'कणकेचा मान' म्हणू लागले. एकोणीस वर्षं मी एकोणीस घरी राहिलो. शाळांत वाजलो, कपिलधारच्या देवस्थानाच्या पायऱ्यांवर वाजलो, एकदा पावसात बंद पडलेल्या एसटीतही वाजलो.

विसाव्या वर्षी मान वीरेशला मिळाला. तो सत्तावीस वर्षांचा होता. त्याच्या हातासारखा हात मी योगीराजांनंतर पाहिला नव्हता. सुरुवातीचे चार महिने त्यानं मला गावोगाव नेलं. दवाखान्याच्या आवारात त्यानं वाजवलं, तेव्हा सलाइनची बाटली धरून उभा असलेला एक म्हातारा रिकाम्या हातानं मांडीवर ताल धरू लागला. तो दिवस माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला दिवस होता.

मग कुणीतरी वीरेशचा एक व्हिडिओ सगळीकडे पाठवला. पुण्याहून, नाशिकहून बोलावणी आली, दाराशी गाड्या लागल्या. त्यानं नवा, चकचकीत पखवाज घेतला आणि मला बैठकीतल्या काचेच्या कपाटात ठेवलं. कपाटात पिवळा दिवा होता. तो दिवसभर जळायचा.

एकदा फोटो काढायला माणसं आली. "मानाचा पखवाज मांडीवर घ्या, कणीक लावताना दिसू द्या," असं ते म्हणाले. वीरेशनं कणीक लावली, हात उचलला, फोटो निघाला. एकही थाप पडली नाही. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. त्यानं मला तसाच कपाटात ठेवलं, दिवा लावला आणि तो गेला.

मित्रांनो, कातडं कसं फाटतं ते मी तुम्हाला सांगतो. पहिल्या दिवशी कणकेवर साय धरते. तिसऱ्या दिवशी कडा उचलतात आणि कातड्याला चिमटे बसू लागतात. दिव्याच्या उष्णतेनं उरलासुरला ओलावाही जातो. मग किडे येतात. बाविसाव्या दिवशी दुपारी माझं डावं तोंड काठापासून आत उकललं. घरात तेव्हा कुणी नव्हतं.

काचेआडून मला स्पीकरवरचे फोन ऐकू यायचे. नीलम्मा विचारी, "वीरेश, पीठ कवा आणतो रं? कालच्याला चार माणसं तशीच माघारी गेली."

"अक्का, ह्या आठवड्यात नक्की."

हे मी सात वेळा ऐकलं.

मला परत करायच्या आदल्या दिवशी वीरेशनं कपाट उघडलं. माझं तोंड पाहून त्यानं आधी बैठकीचं दार लावून घेतलं. अंगद मिस्त्रींकडे नेलं असतं तर गावभर झालं असतं. त्यानं वरवरची कणीक खरडली आणि फटीवर रेक्झीनचा तुकडा चिकटवून वर पीठ चोळलं. डबा सकाळी वाटेत भरून घेऊ, असं त्यानं ठरवलं होतं. सकाळी उशीर झाला. डब्याच्या तोंडाला त्यानं लाल फडकं घट्ट बांधलं.

पुढच्या वर्षीचा मान नीलम्माला होता. वीस वर्षांत पहिल्यांदाच बाईला. मान सोपवायच्या मांडवात कुजबुज सुरूच होती. पूर्वी मान मिळालेला पंडित नावाचा वादक मोठ्यानं म्हणाला, "बाईच्या हातानं पखवाज घुमत न्हाई बे. आता काय, पोळ्या लाटायचा मान द्यायचा?"

लोक हसले. नीलम्मा कणीक मळत होती. मान वर न करता ती म्हणाली, "लाटते की. तुझा बाप दवाखान्यात व्हता तवा तू बी खाल्ल्यास, पंडित. एका टायमाला सहा-सहा."

आता लोक पंडितला हसले. पण मी हसू शकत नव्हतो. तिनं माझ्या डाव्या तोंडावर कणीक थापली, हात उचलला आणि मारला.

फट.

पुन्हा मारला. फट.

"बघा!" पंडित म्हणाला. मागून कुणीतरी शिट्टी घातली. मन्मथआप्पांचा चेहरा उतरला, कारण बाईला मान द्यायचा हट्ट त्यांचाच होता. नीलम्मानं बोट फिरवलं. रेक्झीनच्या कडेला ते अडकलं. तिनं पहिल्या रांगेतल्या वीरेशकडे पाहिलं. वीरेश आपल्या पायाच्या अंगठ्याकडे पाहत होता. मी जन्मभर दुसऱ्यांच्या हातानं बोलत आलो. त्या क्षणी मला स्वतःचं तोंड हवं होतं.

"थांबा," नीलम्मा म्हणाली. "माझा डावा हात लहानपणापासून डब्यावरच बसलाय." तिनं लाल फडक्याचा डबा डाव्या बाजूला ओढून घेतला. उजवा हात माझ्या शाईवर ठेवला, डावा डब्याच्या अंगावर मारला.

घुम्म!

भरलेला डबा घुमत नाही, मित्रांनो. पीठ आवाज गिळून टाकतं. मांडवातल्या बायकांना हे आधी कळलं, कारण त्या रोज डबे हाताळतात. पुढची रांग गप्प झाली, मग मागची. मन्मथआप्पा उठले आणि त्यांनी फडकं सोडलं. तळाशी बोटभर पीठ होतं.

"वीरेश, हे कावून असं?"

"आप्पा, येताना भरणारच व्हतो..."

"येताना? वर्षाचं पीठ येताना?"



"फडकं बांधा, आप्पा," नीलम्मा म्हणाली. "वाजवणं अर्ध्यात सोडू न्हाई." आणि ती वाजवत राहिली. उजव्या हाताखाली मी, डाव्या हाताखाली रिकामा डबा. पंडितची मान ठेक्यावर हलू लागली, पण डबा मात्र प्रत्येक थापेला तेच तेच सांगत होता. वीरेश मधेच उठून गेला. त्याच्या चपला मांडवाबाहेर तशाच राहिल्या.

अंगद मिस्त्री आता खूप थकले आहेत. त्यांनी रेक्झीन सोलून काढलं, आतली दगडासारखी कणीक बोटात धरली आणि एवढंच म्हणाले, "उष्टं ठेवलंत." त्यांनी मला नवी पुडी, म्हणजे नवं कातडं, चढवली. नीलम्माच्या हाताखाली मी वर्षभर घुमलो. पिठाची पहिली पिशवी पंडितनं आणून टाकली.

पण वीरेशनं वाजवणं सोडलं. नीलम्मानं दोनदा निरोप पाठवला. तिसऱ्यांदा ती मला खांद्याला अडकवून स्वतः त्याच्या दारात गेली. "झोपलाय," असं त्याच्या आईनं सांगितलं. सकाळचे अकरा वाजले होते. परतताना मी काचेचं कपाट पाहिलं. त्यात नवा पखवाज होता आणि त्याच्यावर चादर टाकलेली होती.

त्या दिवशी पोळ्या लाटताना नीलम्मा एकदम थांबली आणि मन्मथआप्पांना म्हणाली, "आप्पा, डबा वढला तवाच मला कळलं व्हतं. हलका लागला. तरी मी मारला."

आप्पा म्हणाले, "माघारी गेलेली ती चार माणसं बी आठव."

"ती रोज आठवतात," ती म्हणाली. "म्हणून तर मारला. पर त्याचा हात लई चांगला व्हता, आप्पा."

दोघांपैकी कुणाचं बरोबर, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आठ दिवसांनी मी परत मांडवात जाईन. डबा काल भरला. नीलम्मानं टिचकी मारली, काहीच आवाज आला नाही. ती समाधानानं उठली आणि तिनं मांडवाबाहेरून उचलून आणलेल्या वीरेशच्या चपला पुसून पुन्हा आपल्या दाराशी ठेवल्या. वर्षभर त्या तिथेच आहेत.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादं वाद्य असेल तर त्याला काचेत ठेवू नका. वाजवा, आणि वाजवून झालं की त्याचं तोंड पुसा. कधी तुमचा सत्कार झाला, गळ्यात हार पडले, तर घरी जाऊन आपल्या डब्याला एक टिचकी मारून बघा. डबा घुमला, तर तो भरायला अजून वेळ आहे. मांडवात दुसऱ्या कुणाला तो वाजवायला लावू नका.