थेंबात जिबेकने काय पाहिलं

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, मित्रांनो. नारीनच्या डोंगरातल्या एका लहानशा दवाखान्यात माझं आयुष्य गेलं. जन्म लेनिनग्राडच्या कारखान्यातला. पेंढ्यात गुंडाळून, लाकडी पेटीत घालून मला खिंडीपलीकडे आणलं. पेटी उघडली ती बुरुलने. प्रयोगशाळेत नुकतीच लागलेली वीस वर्षांची पोर होती ती. आज सगळे तिला बुरुल एजे, म्हणजे बुरुलताई म्हणतात, आणि तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे.

आम्ही दोघांनी काय काय पाहिलं! रक्तातल्या लालसर चकत्या, थुंकीतल्या क्षयाच्या बारीक काड्या. दुपारचं ऊन माझ्या आरशावर पडलं की थेंबाचं तळं होई आणि मी त्यात हरवून जाई. गावाला मात्र त्याचं काही नव्हतं. बरा झालेला माणूस डॉक्टरांकडे मेंढीचं मांस पाठवी. बुरुलला कोणी विचारत नसे. मला त्याचं फार वाईट वाटे.

मग छापील कागद काढणारं नवं यंत्र आलं आणि मी खिडकीत, विणलेल्या टोपीखाली गेलो. जिबेक आली की तेवढ्यापुरती माझी टोपी निघे. ती घोडे राखणाऱ्या जुमादिलची मुलगी, नुकतीच शाळा संपवलेली. बुरुल तिला सांगायची, "दवाखाना म्हणजे नुसते डॉक्टर आणि नर्स नव्हेत गं. कोणी रक्त जुळवतं, कोणी कान तपासतं, कोणी पेशी बघून गाठ कसली ते ओळखतं. राजधानीत, बिश्केकला हे सगळं शिकवतात." ऐकताना जिबेकचा डोळा माझ्या भिंगावर असे आणि मन डोंगरापलीकडे पोचलेलं असे.

पण जुमादिल अडून बसला होता. "डॉक्टर होणार असशील तर आत्ता घोड्यावर खोगीर घालतो. पण लोकांचं मूत बघायला पोरगी धाडू? हसून हसून लोळतील लोक!" बिश्केकच्या प्रवेशअर्जाची मुदत शनिवारी संपत होती. जिबेक रोज यायची आणि माझी काच पुसायची.

त्याच आठवड्यात जुमादिलची कंबर धरली. कुरणावरून येताना तो तपासणीसाठी लघवीची बाटली भरूनच घेऊन आला. यंत्राने कागद काढला, त्यात जंतूच जंतू. डॉक्टर गंभीर झाले. "मूत्रपिंडापर्यंत पोचलेलं दिसतंय. उद्याच शहरात भरती व्हा."

एवढा धिप्पाड माणूस, पण बाकावर बसून टोपी चुरगाळत राहिला. बुरुलला काही पटेना. तिने माझ्याखाली थेंब ठेवला, डोळा लावला आणि हळूच बाजूला झाली. "मला सगळं धूसर दिसतंय. जिबेक, तू बघ."

जिबेकने चाक फिरवलं. मागे घेऊन पुन्हा फिरवलं. बाप होता ना तो! मीही जीव एकवटून उजेड गोळा केला. काच इकडून तिकडे सरकवून तिने सगळा थेंब पाहिला. मग म्हणाली, "एजे, या लांबट गोल पेशींना कळ्या फुटल्यात. हे आंबवणातलं किण्व आहे, यीस्ट. आजार असता तर पू दिसला असता; पुवाची तर एकही पेशी नाही." ती वळली. "बाबा, बाटली कसली होती?"

"कसली म्हणजे? कुमीसची. घोडीचं दूध आंबवलं की दुसऱ्या कशात भरतो आपण? तीनदा विसळली होती झऱ्यावर!"

बुरुल पोट धरून हसली. "अरे जुमादिल, आजारी तू नाहीस, तुझी बाटली आहे!"

स्वच्छ डबीत पुन्हा नमुना घेतला. त्यात काहीच निघालं नाही. कंबर घोड्यावरून उतरताना लचकली होती, एवढंच.

जुमादिल माझ्याजवळ आला, वाकला, आणि भिंगाला डोळा लावून कितीतरी वेळ उभा राहिला.

"हे सगळं तुला वाचता येतं?"

"थोडंच येतं, बाबा. बाकीचं शिकायचंय."

त्याने दोन्ही तळवे वर उघडून आशीर्वाद दिला, तोंडावरून फिरवले. "जा. तिकडेही कोणाच्या तरी बापाचीच बाटली असेल. नीट बघ."

मित्रांनो, जिबेक आता बिश्केकला शिकते आहे आणि मी टोपीखाली स्वप्नं बघतो आहे. माझी काच मऊ कापडाने पुसा, एवढं मागणं आहेच. पण तपासणीचा कागद हातात आला की खालची बारीक सहीही वाचा, आणि त्या माणसाचं नाव घेऊन आभार माना. बुरुलला असे आभार चाळीस वर्षांत एकदाच मिळाले. त्या दिवशी जुमादिल दारातून मागे फिरला आणि म्हणाला, "बुरुल एजे, तुमचे फार उपकार झाले."